नासासंधान व निःशेष छेदन : त्वचेच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेचा पूर्वेतिहास

१. विषय

पुण्याजवळ इ. स. १७९३ च्या सुमारास एका कापलेल्या नाकाच्या जागीं कपाळाच्या कातडीचें नवें नाक बसविण्यांत आलें, ही हकीकत आमच्या बहुतेक वाचकांच्या ऐकिवांत असेल. त्या कृतीचा गौरव पुष्कळांनीं केला आहे, व तो योग्यच आहे. परंतु त्या कृतीचा आजचा मुख्य उपयोग कोठें होतो, असें विचारलें तर उत्तर सहसा मिळत नाहीं. शत्रूचें किंवा अपराध्याचें नाक कापण्याची रीत आतां राहिली नाहीं. आज कपाळाच्या कातडीनें नाक भरून काढावें लागतें तें बहुधा त्वचेच्या कर्करोगामुळें. म्हणजे तो रोग कापून काढल्यानें पडलेल्या खळग्यामुळें.

प्रस्तुत लेखांत आम्ही या शस्त्रक्रियेचीं दोन अंगें वेगळीं करून दाखविणार आहों. पहिलें अंग रोगाच्या निःशेष छेदनाचें. दुसरें, पडलेली खोट जिवंत त्वचेनें भरून काढण्याचें, म्हणजे संधानाचें. या दोहोंचे इतिहास निरनिराळे आहेत. दुसऱ्या अंगांत पुण्याजवळच्या एका कारागिराचा हात स्पष्ट दिसतो. पहिल्या अंगाचें तत्त्व आपल्या जुन्या ग्रंथांत सांगितलेलें आहे; पण तें प्रत्यक्षांत पडताळून पाहण्यास सूक्ष्मदर्शक यंत्राची वाट पाहावी लागली. रोग्यास जें कळणें अत्यंत जरूर आहे तें या दोन अंगांच्या क्रमांत आहे. आधीं निःशेष छेदन, मग संधान. हा क्रम चुकला तर काय होतें तें पुढें सांगूं. जुन्या वैद्यकाचीं बाडें ज्यांच्या संग्रहीं आहेत त्यांच्यावरहि या विषयांत एक जबाबदारी येते. तिचा उल्लेख शेवटीं केला आहे.

२. कावसजीची हकीकत

लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकांत ‘बी. एल.’ अशा आद्याक्षरांच्या सहीचें एक पत्र व त्यासोबत एक चित्र छापलें आहे. पत्रांतील मजकुराचा सारांश असा : कावसजी नांवाचा, शेतकरी जातीचा एक मराठा, इंग्रजी फौजेंत बैल हांकण्याच्या कामावर होता. १७९२ सालच्या लढाईंत तो टिपूच्या हातीं सांपडला. त्याचें नाक व एक हात तोडण्यांत आला. त्या स्थितींत तो श्रीरंगपट्टणाजवळ मुंबईच्या फौजेस येऊन मिळाला व पुढें कंपनीचा पेन्शनर झाला. सुमारें बारा महिने त्यानें नाकावांचून काढले. नंतर पुण्याजवळच्या, वीटकाम करणाऱ्या जातीच्या एका माणसानें त्यास नवें नाक बसविलें. मुंबई इलाख्यांतील दोन इंग्रज वैद्यांनीं ही क्रिया समक्ष पाहिली. त्यांपैकीं एक टॉमस क्रूसो. दुसऱ्याचें नांव छापील पत्रांत ट्रिंडले असें असून अन्यत्र तें फिंडले असें आढळतें. फिंडले हाच पाठ आम्हांस ग्राह्य वाटतो.

या पत्रांतील क्रियेचें वर्णन मोठें काटेकोर आहे. प्रथम नाकाच्या उरलेल्या बुंध्यावर मेणाचा पातळ पत्रा बसवून त्यास नाकाचा आकार दिला. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला व त्याच्या कडेनें रेघ आंखली. रेघेच्या आंतील कातडी सोडविली. मात्र दोन्ही डोळ्यांच्या मध्यें तिचा एक बारीक देठ कपाळाशीं जोडलेला ठेवला. हा देठ हेंच या कृतीचें सारें रहस्य होय. कारण नव्या जागीं कातडी रुजेपर्यंत तिचें रक्ताभिसरण त्यांतून चालतें. त्यानंतर जुन्या व्रणाची कड तासून रक्तबंबाळ केली, तिच्यामागें एक खांच पाडली, व कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खालीं आणून त्या खांचेंत बसविली. पाण्यांत भिजविलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर फांसून अशा पांचसहा पट्ट्या एकावर एक ठेवल्या. चार दिवस दुसरा कोणताहि उपचार केला नाहीं. पुढें त्या पट्ट्या काढून तुपांत भिजविलेलीं फडकीं लाविलीं. पांचसहा दिवस रोग्यास उताणें निजविलें होतें. दहाव्या दिवशीं नाकपुड्या मोकळ्या राहाव्या म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घातले. सुमारें पंचविसाव्या दिवशीं देठ कापला. नवें नाक चांगलें टिकतें, व कपाळावरील वणहि कालांतरानें फारसा दिसत नाहीं, असें पत्रलेखक म्हणतो. ही क्रिया हिंदुस्थानांत दुर्मिळ नसून अनादि काळापासून चालत आलेली आहे, असेंहि तो सांगतो.

सोबतचें चित्र जेम्स वेल्स या चित्रकाराच्या मूळ चित्रावरून उतरविलेलें आहे. वेल्स त्या वेळीं पुण्यास होता व पेशव्यांच्या दरबारांतील मंडळींचीं चित्रेंहि त्यानें काढिलीं आहेत. कावसजीचें चित्र जानेवारी १७९४ मधील, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर सुमारें दहा महिन्यांचें आहे. त्यावरून शस्त्रक्रियेचा काल १७९३ चा आरंभ असा निघतो.

येथें दोन गोष्टी नमूद करणें जरूर आहे. पहिली नांवाविषयीं. ‘कावसजी’ हें नांव पारशी वळणाचें आहे, आणि पत्रांत तर तो मराठा शेतकरी असल्याचें स्पष्ट म्हटलें आहे. मूळ नांव ‘कावजी’ असावें व इंग्रजी लेखणींत तें ‘कावसजी’ झालें असावें, असा आमचा तर्क आहे. कावजी हें नांव मराठ्यांत शिवकालापासून परिचित आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. या पत्रांत रोग्याचें नांव आहे, पाहणाऱ्या दोघां वैद्यांचीं नांवें आहेत. पण ज्यानें ही क्रिया केली त्या कारागिराचें नांव नाहीं. त्याची फक्त जात नोंदलेली आहे. वीटकामाचा उल्लेख पाहतां तो कुंभार असावा, असें अनेकांनीं मानलें आहे.

३. पुण्याहून चेल्सीपर्यंत

या पत्राचा परिणाम लगेच झाला नाहीं; पण खोल झाला. लंडनचे शस्त्रवैद्य जोसेफ कॉन्स्टंटाइन कार्प्यू यांनीं प्रथम प्रेतांवर ही क्रिया करून पाहिली. नंतर २३ ऑक्टोबर १८१४ रोजीं चेल्सी येथील यॉर्क हॉस्पिटलांत त्यांनीं ती एका लष्करी अधिकाऱ्यावर केली. त्यांचा दुसरा रोगी अल्बुएरा येथील १८११ सालच्या लढाईंत जखमी झालेला अधिकारी होता. या दोन्ही रोग्यांची हकीकत त्यांनीं १८१६ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. दोनच वर्षांनीं, १८१८ सालीं, जर्मनींत कार्ल फर्डिनांड फॉन ग्रेफे यांचा नासासंधानावरील ग्रंथ निघाला. कपाळाच्या कातडीनें नाक करण्याच्या रीतीस यूरोपांत ‘हिंदी पद्धति’ हें नांव पडलें, व तें आजतागायत कायम आहे.

हिंदुस्थानांतहि ही परंपरा चालूच होती. जुनागड येथील डॉक्टर त्रिभुवनदास मोतीचंद शहा यांनीं १८८९ सालीं आपल्या अशा शंभरांहून अधिक रोग्यांची माहिती प्रसिद्ध केली. इंदूर येथील रेसिडेन्सीचे शस्त्रवैद्य कीगन यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या पद्धतींतील एका उणिवेकडे लक्ष दिलें. नव्या नाकास बाहेरून कातडी मिळे, पण आंतून अस्तर नसे; त्यामुळें तें हळूहळू आक्रसत जाई. कीगन यांनीं उरलेल्या नाकाची कातडी उलटी वळवून आंतलें अस्तर केलें. आजच्या पद्धतींतहि नाकाचीं तीन पदरें, म्हणजे आंतील अस्तर, मधला कूर्चेचा आधार व बाहेरील त्वचा, हीं स्वतंत्रपणें विचारांत घेतात.

४. सुश्रुतसंहितेंतील दोन स्थळें

नासासंधानाची चर्चा निघाली कीं सुश्रुतसंहितेचें नांव येतेंच. तिच्या सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायांत, कान जोडण्याच्या विधीनंतर, तुटलेल्या नाकाच्या संधानाचा विधि आहे. नाकाएवढें झाडाचें पान घेऊन त्या मापाची कातडी गालावरून सोडवावी, ती एका बाजूस जोडलेली ठेवूनच नाकाच्या ताज्या केलेल्या कडेस लावावी, व श्वासासाठीं दोन नळ्या बसवाव्या, असें तेथें सांगितलें आहे. येथें कातडी गालाची आहे. पुण्याच्या कृतींत ती कपाळाची आहे. म्हणून १७९३ ची क्रिया सुश्रुतावरून जशीच्या तशी घेतली, असें विधान करणें सावधपणाचें नाहीं. तत्त्व एकच, म्हणजे मापाचा नमुना व जिवंत देठ. पण जागा वेगळी. मधल्या काळांत कारागिरांच्या हातांत ही विद्या बदलत व सुधारत गेली असली पाहिजे.

मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानें काढलेली, वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांनीं संपादलेली डल्हणाच्या टीकेसह सुश्रुतसंहिता आमच्या बहुतेक वाचकांजवळ असेल. काठमांडू येथील कैसर ग्रंथालयांत याच ग्रंथाची एक ताडपत्री पोथी आहे. तिचा लेखनकाल इ. स. ८७८ असा आहे. २०१३ सालीं युनेस्कोच्या जागतिक स्मृतिपटांत या ग्रंथाच्या नेपाळांतील पोथ्यांची नोंद झाली. छापील पाठ व हा जुना पाठ हे एकमेकांशीं ताडून पाहिल्यावांचून पुढें जाऊं नये.

परंतु आमच्या विषयास अधिक जवळचें स्थळ दुसरें आहे, व त्याकडे नासासंधानाइतकें लक्ष गेलेलें नाहीं. निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायांत अर्बुदाचें लक्षण व चिकित्सास्थानाच्या अठराव्या अध्यायांत त्यावरील उपचार सांगितला आहे. अर्बुद म्हणजे मांसाची वाढलेली, खोल मूळ असलेली, सावकाश वाढणारी व न पिकणारी गांठ. तिचे सहा प्रकार मानले असून त्यांतील रक्तार्बुद व मांसार्बुद हे असाध्य ठरविले आहेत. अर्बुद म्हणजेच आजचा कर्करोग असें समीकरण मांडणें बरोबर नाहीं. त्या एका नांवाखालीं साध्या व दुष्ट अशा अनेक गांठी येतात. पण उपचाराचा नियम सांगतांना ग्रंथकार एक गोष्ट निक्षून सांगतो. ज्या अर्बुदाचा कांहीं अंश मागें राहतो तें लवकरच पुन्हां वाढतें, आणि उरलेल्या विस्तवासारखें तें रोग्याचा घात करतें; यास्तव तें अशेष काढावें. लहान मुळाच्या अर्बुदाभोंवतीं कथिल, तांबें, शिसें यांचे पत्रे लावून क्षार, अग्नि व शस्त्र यांचा वारंवार प्रयोग करावा, असेंहि तेथें आहे.

‘अशेष’ हा या साऱ्या विषयाचा मूळ शब्द आहे. पण अशेष झालें कीं नाहीं हें ओळखावें कसें? डोळ्यांस दिसतें व बोटांस लागतें तेवढ्यावरच जुन्या वैद्यास विसंबावें लागे. रोगाचीं बारीक मुळें निरोगी दिसणाऱ्या त्वचेखालून पसरलेलीं असतात, व तीं उघड्या डोळ्यांस दिसत नाहींत.

५. रोगाची ओळख

त्वचेच्या कर्करोगाचे मुख्य प्रकार तीन. पहिला त्वचेच्या तळच्या पेशींचा. डब्लिनचे आर्थर जेकब यांनीं १८२७ सालीं पापण्यांवरील या रोगाचें वर्णन केलें. तो दूरच्या अवयवांत क्वचितच पसरतो. पण असेल तेथें नाक, पापणी, कान यांस उंदरानें कुरतडल्यासारखा खात जातो. दुसरा प्रकार वरच्या, खवल्यांसारख्या पेशींचा. तो रसग्रंथींत पसरूं शकतो. तिसरा रंगपेशींचा, म्हणजे मेलानोमा. तो तिघांत अधिक घातक. काळ्यासांवळ्या वर्णाच्या लोकांत तो बहुधा तळपाय, तळहात किंवा नखाखालीं उद्भवतो, व म्हणून उशिरां लक्षांत येतो.

पहिल्या दोन प्रकारांस ऊन हें गोऱ्या वर्णाच्या लोकांत मुख्य कारण. आपल्या देशांत मात्र रूढींनींहि या रोगास वाट करून दिली आहे. काश्मिरांत थंडीच्या दिवसांत पोटाशीं कांगडी, म्हणजे विस्तवाचें मडकें, धरतात; तिनें भाजलेल्या जागीं कर्करोग होतो, हें डॉक्टर एल्म्स्ली यांनीं १८६६ सालीं व पुढें श्रीनगरचे डॉक्टर नेव्ह यांनीं लिहून ठेविलें आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयांत, जें १९४१ सालीं उघडलें, डॉक्टर व्ही. आर. खानोलकर यांनीं सूर्याबाई यांच्यासह १९४५ सालीं रूढींशीं निगडित असे कर्करोगाचे तीन नवे प्रकार वर्णिले. त्यांत धोतराच्या कर्करोगाचा समावेश आहे. धोतराची गांठ कमरेस वर्षानुवर्षें एकाच जागीं घट्ट आंवळल्यानें तेथील त्वचा प्रथम जाड व रंगहीन होते, मग चिघळते, आणि क्वचित् तेथें कर्करोग उठतो. घट्ट नेसलेल्या लुगड्यानेंहि तसेंच होतें. यावरून भाजल्याचा जुना वण किंवा कायम घासणारी जागा पुन्हां चिघळली व महिनाभरांत भरली नाहीं, तर तिची तपासणी करून घ्यावी, हें उघड आहे.

६. अशेषाची पडताळणी

‘अशेष’ या शब्दास प्रत्यक्ष मोजमाप दिलें तें अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या फ्रेडरिक मोझ यांनीं. विद्यार्थी असतांना ते प्राण्यांतील गांठींवर निरनिराळ्या द्रव्यांचे प्रयोग करीत होते. तेव्हां जस्ताच्या क्लोराइडनें मांस जागच्या जागींच मरून थिजतें, व त्याची सूक्ष्म रचना मात्र बिघडत नाहीं, असें त्यांच्या ध्यानीं आलें. त्यावरून त्यांनीं एक लेप बनविला. लेप लावून थिजलेला थर बशीच्या आकारानें कापावयाचा, त्याच्या खालच्या व बाजूच्या सर्व कडा सूक्ष्मदर्शकाखालीं तपासावयाच्या, जेथें रोग उरला असेल ती जागा नकाशावर मांडावयाची, आणि फक्त तेथलाच पुढचा थर काढावयाचा, अशी ही रीत होती. १९३६ पासून ती रोग्यांवर सुरू झाली, व १९४१ सालीं त्यांनीं ४४० रोग्यांची माहिती प्रसिद्ध केली. लेपाच्या वेदना व विलंब टाळून, जागा बधिर करून ताजा थरच काढावा व तो गोठवून तपासावा, ही सुधारणा १९५३ पासून आली. १९७४ सालीं ट्रोमोविच व स्टेगमन यांच्या लेखानें ती सर्वमान्य झाली. आज मोझ यांच्या नांवानें जी शस्त्रक्रिया चालते तिच्यांत लेप नाहीं.

या रीतीचें मर्म आमच्या वाचकांस पोथीच्या उदाहरणानें कळेल. साध्या छेदनांत काढलेल्या भागाचे उभे काप घेऊन त्यांतील थोडे सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. त्यानें एकंदर कडेचा एक शतांशापेक्षांहि कमी भाग प्रत्यक्ष नजरेखालीं येतो. शेंकडों पानांच्या पोथींतील दोनचार पानें पाहून पोथी शुद्ध आहे असें म्हणण्यासारखें तें आहे. म्हणणें बहुधा खरें ठरतें, पण नेहमीं नाहीं. मोझ यांच्या रीतींत कडेचें प्रत्येक पान वाचलें जातें. तळच्या पेशींच्या नव्या रोगांत साध्या छेदनानें पांच वर्षांनंतरहि रोग न उलटण्याचें प्रमाण शेंकडा ९० च्या आसपास, तर या रीतीनें तें ९९ च्या आसपास येतें.

७. रोग्यानें काय जाणावें

इतका इतिहास पाहिल्यावर रोग्यास उपयोगी पडेल तो निष्कर्ष थोडक्यांत असा.

प्रथम रोगाचें नांव निश्चित व्हावें. त्यासाठीं संशयित जागेचा लहान तुकडा काढून तपासतात; यासच बायॉप्सी म्हणतात. तुकडा काढल्यानें रोग पसरतो ही समजूत लोकांत खोल रुजलेली आहे, व तिनें पुष्कळांचा वेळ गेलेला आहे. त्वचेच्या रोगांत तिला आधार नाहीं. उलट, नांव ठरल्यावांचून किती रुंद कापावें हेंच ठरत नाहीं. तळच्या पेशींच्या साध्या रोगांत दिसणाऱ्या कडेबाहेर सुमारें ४ मिलिमीटर, खवलेदार पेशींच्या साध्या रोगांत ४ ते ६ मिलिमीटर निरोगी त्वचा घेतात. मेलानोमांत हें अंतर रोगाच्या जाडीवरून ठरतें. जाडी १ मिलिमीटरपर्यंत असेल तर १ सेंटिमीटर, व २ मिलिमीटरांहून अधिक असेल तर २ सेंटिमीटर असा सामान्य नियम आहे. जरूर तेथें जवळची पहिली रसग्रंथिहि काढून तपासतात.

दुसरें, प्रत्येक रोग्यास मोझ यांची रीत लागत नाहीं. धडावर किंवा हातापायावर, स्पष्ट कडेचा लहान रोग साध्या छेदनानें बरा होतो. नाक, पापणी, ओंठ, कान अशा जागीं जेथें निरोगी त्वचेचा प्रत्येक मिलिमीटर मोलाचा आहे, किंवा रोग एकदां काढून पुन्हां उलटला आहे, किंवा त्याची कड अस्पष्ट आहे, तेथें ती विशेष उपयोगी. शस्त्रक्रिया सोसणार नाहीं अशा रोग्यास किरणोपचाराचा मार्ग आहे. आपल्या गांवीं मोझ यांची रीत उपलब्ध नसली तरी एक प्रश्न रोग्यानें विचारलाच पाहिजे : “कड स्वच्छ असल्याचें कोणी व कसें पाहिलें?”

तिसरें, क्रमाविषयीं, आणि हाच या लेखाचा मुख्य मुद्दा आहे. कावसजीचें नाक कापलें गेलें होतें. त्याच्या जखमेच्या कडेंत रोग नव्हता. म्हणून त्या कारागिरास कड तासून कपाळाची कातडी लगेच बसवितां आली. कर्करोगांत तसें नाहीं. कड स्वच्छ असल्याची खातरी होण्यापूर्वीं तीवर कपाळाची जाड कातडी बसविली, तर उरलेला रोग तिच्याखालीं झांकला जातो. वरून नाक देखणें दिसतें, आणि आंत रोग हाडापर्यंत किंवा डोळ्याच्या खोबणीपर्यंत जातो. तो बाहेर दिसूं लागतो तेव्हां फार उशीर झालेला असतो. म्हणून तपासणीचा निकाल येईपर्यंत कांहीं दिवस जखम उघडी, नुसती पट्टी बांधून ठेवण्याचें शस्त्रवैद्य सांगतात, तेव्हां रोग्यानें व त्याच्या घरच्यांनीं घाई करूं नये. तो उशीर हलगर्जीपणाचा नसून सावधपणाचा आहे.

चौथें, संधानाविषयीं. मोठा खळगा नाकावर पडला तर आजहि कपाळाचीच कातडी घेतात. नमुना आतां मेणाचा नसतो. भुंवयीच्या आंतील टोकाजवळून वर चढणारी धमनी देठांत राखतात. आणि देठ सुमारें तीन आठवड्यांनीं कापतात. १७९४ च्या पत्रांतील पंचवीस दिवसांशीं हें ताडून पाहावें. या तीन आठवड्यांत कपाळापासून नाकापर्यंत कातडीचा पूल दिसतो व चेहरा विद्रूप वाटतो. हें आधीं ठाऊक असलें म्हणजे रोगी खचत नाहीं. शस्त्रक्रिया दोन किंवा तीन टप्प्यांत होते. रोग काढणें बहुधा जागा बधिर करून, रोगी जागा असतांनाच होतें. तंबाखू ओढल्यानें देठांतील रक्ताभिसरण बिघडून नवी कातडी मरूं शकते. ती सवय आधींच सोडावी. रक्त पातळ करणारें औषध चालू असेल तर तें शस्त्रवैद्यास सांगावें, पण आपल्या मनानें बंद करूं नये. वण मऊ पडण्यास व रंग जुळण्यास वर्षभर लागतें. आणि एकदां हा रोग झालेल्यास तो दुसऱ्या जागीं नव्यानें होण्याचा संभव अधिक असतो. म्हणून ठरलेल्या मुदतीनें साऱ्या अंगाची तपासणी चुकवूं नये.

८. संग्राहकांस विनंती

आतां बाडें जपणाऱ्या मंडळींस दोन शब्द. मराठी वैद्यकाच्या जुन्या बाडांत गांठी, आवाळू व न भरणारे व्रण यांवर क्षारांचे व लेपांचे योग वारंवार येतात. त्यांच्या नकला कराव्या, पाठभेद टिपावे, प्रसिद्धहि करावे; तें इतिहासाचें साधन आहे. पण ते योग आजच्या रोग्यास उपाय म्हणून सांगूं नयेत. मोझ यांचा लेपहि क्षारासारखाच मांस जाळणारा होता. त्याच्या यशाचें कारण लेप नव्हतें. लेपानंतर प्रत्येक थराची सूक्ष्मदर्शकानें केलेली तपासणी हें होतें. तपासणी वगळून नुसता लेप लावला तर वरची त्वचा जळून खपली धरते, ती पडून जागा बरी झाल्यासारखी दिसते, आणि खालीं रोग वाढतच राहतो. सुश्रुतसंहितेंत ज्याविषयीं सावध केलें आहे तो ‘सशेष’ रोग हाच. जुन्या ग्रंथाचा मान राखणें म्हणजे त्याचा योग उचलणें नव्हे. त्यानें घातलेला निर्बंध पाळणें होय.

दुसरी विनंती त्या निनांवी कारागिराविषयीं. १७९२ ते १७९५ या काळांतील पुणें प्रांतांतील कागदांत, विशेषतः कसब्यांच्या व खेड्यांच्या जमाखर्चांत, इनाम व बक्षिसांच्या यादींत, कुंभार किंवा वीटकरी जातीच्या माणसास नाक बसविल्याबद्दल कांहीं दिल्याची नोंद आढळल्यास तिची अक्षरशः नक्कल, रुमालाचा अनुक्रमांक व तारीख यांसह, आम्हांकडे धाडावी. नांव वाचतां येत नसेल तर तें तर्कानें भरूं नये. अक्षरें दिसतात तशींच उतरावीं. ज्याच्या हातच्या रीतीनें आज देशोदेशींच्या कर्करोग्यांस चेहरा परत मिळतो, त्याचें नांव त्याच्याच मुलुखाच्या दप्तरांत शोधणें हें आपलें काम आहे.